एमसीबी पाडली म्हणजे गिझरची लाइन तुटली का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. कळंब्याच्या बाजूला तुमचं दुमजली घर नुकतंच बांधून झालंय. वरच्या बाथरूममध्ये 25 लिटरचा, 2 किलोवॅटचा नवा गिझर बसवायचाय. गच्चीवर सोलर आहे, त्याच्या टाकीतही पावसाळ्यासाठी 2 किलोवॅटचा बॅकअप हीटर आहे. तुमचा वायरमन म्हणतो, खाली डीबीत (घरातल्या सगळ्या लाइनी जिथून फुटतात त्या डब्यात) 16 अँपिअरची एक एमसीबी, म्हणजे जास्त करंट ओढला की आपोआप पडणारा स्विच, मोकळी आहे, दोन्ही तिच्यावरच घेऊ. बाथरूममध्ये पॉवर पॉइंट आहे, त्यात प्लग खोचायचा. उद्या दुरुस्ती निघालीच तर खाली जाऊन एमसीबी पाडायची, मग डीपी स्विच (फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा) आणि आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारी) यांचा वाढीव खर्च कशाला? घरात सत्तरी ओलांडलेल्या आई आहेत, म्हणून तुम्हाला शंका आली आणि तुम्ही विचारलंत की एवढं पुरे का.

पुरे नाही. तुमच्या वायरमनचा हात चांगला असेल, वायरी सरळ ओढल्या असतील, तरी या योजनेत तीन गोष्टी चुकल्यात. मी तीस वर्षं कोल्हापुरात हेच काम करतोय. मंगळवार पेठेतल्या जुन्या वाड्यांपासून आर. के. नगरातल्या नव्या बंगल्यांपर्यंत गिझर बसवलेत, आणि दुसऱ्यांनी बसवलेले उतरवलेतही. त्या अनुभवावरून सांगतो.

आधी सगळ्यात सोपी चूक. 2000 वॅटचा गिझर 230 व्होल्टवर 8.7 अँपिअर ओढतो. बॅकअप हीटर तेवढाच. दोन्ही एकाच वेळी चालले तर 17.4 अँपिअर. तुम्ही म्हणाल, मग 16 ची एमसीबी पडेल, त्यात काय बिघडलं? पण ती पडणार नाही. एमसीबी तिच्या आकड्यावर लगेच पडत नसते. आकड्याच्या 1.13 पटीपर्यंत, म्हणजे 16 ची एमसीबी साधारण 18 अँपिअरपर्यंत, तासभर धरून ठेवावी अशीच ती बनवलेली असते. म्हणजे जुलैत आठ दिवस ऊन पडलं नाही, सकाळी सगळ्यांच्या आंघोळी एका मागोमाग चालल्यात, आणि तुमची वायर, डीबीतले स्क्रू, सगळं 17.4 अँपिअरवर तापत बसलंय, पण एमसीबी गप्प. मग एखादा स्क्रू थोडा सैल असला की तिथली वायर काळी पडते, तिचं प्लॅस्टिक कडक होतं, आणि वर्षा-दोन वर्षांनी जळका वास येतो. म्हणून गिझरला एक आणि बॅकअप हीटरला एक अशा दोन स्वतंत्र लाइनी डीबीपासून ओढायच्या. दोन्हींना 2.5 एमएमची (म्हणजे 2.5 चौरस मिलिमीटर छेदाची) तांब्याची वायर आणि 16 अँपिअरचं संरक्षण. तुमचं घर नवं आहे, पाइपातून वायर ओढायला आत्ता फार तर अर्धा दिवस लागेल.

इथे परिस्थितीवर अवलंबून असलेली गोष्टही सांगून टाकतो. उद्या तुम्ही 3 किलोवॅटचा इन्स्टंट गिझर घेतलात तर तो 13 अँपिअर ओढेल, 2.5 एमएमला तेही चालतं. पण साडेचार किलोवॅटचा घेतलात तर जवळपास 20 अँपिअर होतात. तिथे 16 अँपिअरचा प्लग चालत नाही, 4 एमएमची वायर आणि थेट जोडणी लागते. घर नवं नसून जुनं असतं तर मी आधी वायरच बघितली असती. पेठांतल्या कितीतरी घरांत अजून 1/18 ची वायर आहे, म्हणजे जेमतेम 1.2 एमएम, आणि काही ठिकाणी ॲल्युमिनियमची. तिच्यावर गिझर चढवणं म्हणजे भिंतीत शेगडी ठेवणं. तुमच्याकडे ती भानगड नाही.

आता मूळ मुद्दा. तुमचा प्रश्न डीपी स्विचच्या खर्चाचा वाटतो, पण खरा प्रश्न वेगळा आहे: गिझर ‘बंद’ आहे, म्हणजे त्याला हात लावायला तो सुरक्षित आहे का? आमच्या धंद्यात बंद करणं आणि लाइन तोडणं ही दोन वेगळी कामं आहेत. बंद करणं म्हणजे पाणी तापायचं थांबलं. लाइन तोडणं म्हणजे फेज आणि न्यूट्रल या दोन्ही वायरी गिझरपासून वेगळ्या झाल्या, काम करणाऱ्याला त्या तुटलेल्या दिसतायत, दुसरं कुणी येऊन त्या परत जोडू शकत नाही, आणि तिथे करंट नाही हे मोजून बघितलंय. यातलं एकही कमी पडलं तर मी गिझरचं झाकण उघडत नाही.

गिझरच्या अंगावरचा लाल दिवा विझला तर लोकांना वाटतं करंट गेला. तो दिवा थर्मोस्टॅटच्या पुढे असतो. पाणी तापलं, थर्मोस्टॅटने तोडलं, दिवा विझला. पण थर्मोस्टॅटच्या अलीकडच्या टर्मिनलवर पूर्ण 230 व्होल्ट उभेच असतात. पाणी थंड झालं की तो पुन्हा आपोआप जोडणार.

मग साधा स्विच बंद केला तर? साधा स्विच एकच वायर तोडतो, आणि ती वायर फेजची असेल या भरवशावर आपण जगतो. हा भरवसा किती वेळा खोटा ठरतो हे वायरमनला विचारा. बोर्ड भरताना एका ठिकाणी वायरी उलट लागल्या, किंवा वळवाच्या पावसात झाड पडून सर्व्हिस वायर तुटली आणि कुणीतरी ती जोडताना फेज-न्यूट्रल बदलून जोडली, की घरातला प्रत्येक साधा स्विच न्यूट्रल तोडायला लागतो. दिवे लागतात, विझतात, गिझरही चालू-बंद होतो, कुणाला काहीच कळत नाही. पण स्विच बंद असताना गिझरची कॉइल फेजवर टांगलेली असते. माझ्या स्वतःच्या जुन्या घरात हे झालं होतं. तेव्हा मला धंद्यात चार-पाच वर्षं झाली होती. स्विच बंद केला, दिवा विझला, झाकण काढलं आणि पान्हा कॉइलच्या टर्मिनलला लावला. हात असा फेकला गेला की स्टुलावरून खाली आलो आणि कोपर फुटलं. तेव्हापासून स्विच बंद दिसला तरी मी मोजल्याशिवाय हात लावत नाही.

एमसीबीचंही तेच. आपल्याकडे बहुतेक डीबीत सिंगल पोल एमसीबी असतात. वरून फेज तुटतो, न्यूट्रल मात्र खालच्या पट्टीवर सगळ्या घराचा एकत्र जोडलेला राहतो. लोक म्हणतात, न्यूट्रलला काय होतंय? नेहमी काही होत नाही, हे खरं. पण मीटरजवळचा किंवा पोलवरचा न्यूट्रल सैल झाला, की घरात चालू असलेल्या कुठल्याही बल्बमधून, फ्रिजमधून फेज न्यूट्रलच्या वायरवर येतो. बल्ब लागत नाही, पंखा फिरत नाही, आणि टेस्टर लावला तर सॉकेटच्या दोन्ही भोकांत पेटतो. ‘दोन्हीकडं फेज येतोय’ ही तक्रार घेऊन पावसाळ्यात मला आठवड्यातून एक तरी फोन येतो. अशा वेळी तुमची सिंगल पोल एमसीबी पाडलेली असली तरी गिझरच्या कॉइलवर न्यूट्रलच्या वाटेने करंट पोचलेला असतो.

डीपी स्विच म्हणजे एका खटक्यात फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा स्विच. वायरी उलट असोत की सुलट, तुटायचं ते तुटतं. म्हणून गिझरला 20 किंवा 32 अँपिअरचा डीपी मी सोडतच नाही, आणि तो बाथरूमच्या बाहेर, दाराशेजारी, हात पोचेल अशा उंचीवर लावतो. आत ओल्या हाताने स्विच दाबायचा प्रसंगच येऊ नये.

आता तुम्ही विचाराल, प्लग उपसून काढला तर? चांगला प्रश्न आहे, कारण प्लग उपसणं ही लाइन तोडायची सगळ्यात स्वच्छ रीत आहे. दोन्ही वायरी सुटतात, डोळ्यांना दिसतात, आणि प्लग माझ्या समोर लोंबकळत असताना खालून कुणी काही चालू केलं तरी फरक पडत नाही. म्हणून 2 किलोवॅटच्या गिझरला कंपनीने प्लग लावलेली कॉर्ड दिली असेल तर मी ती कापून टाकत नाही. कापली की वॉरंटीवरून वाद होतात ते वेगळंच. पण प्लग आहे म्हणून डीपी नको, हे मला पटत नाही. गिझरचा पॉइंट सात-आठ फुटांवर, वाफेत. तो रोज कोण उपसणार? आणि रोज उपसायचाच ठरवला तर ओल्या अंगाने स्टुलावर चढून कोण उपसणार? शिवाय वाफेने सॉकेटच्या पितळी पट्ट्या हळूहळू काळ्या पडतात, पकड सैल होते, आणि गरम झालेला प्लग वितळून सॉकेटला चिकटतो. असे चिकटलेले प्लग मी चिमट्याने ओढून काढलेत. त्यामुळे बाहेर डीपी, आत उंचावर, शॉवर आणि नळापासून शक्य तेवढ्या लांब, चांगल्या कंपनीचं 16 अँपिअरचं सॉकेट. रोजचं चालू-बंद डीपीवर, दुरुस्तीला डीपी बंद करून प्लगही काढायचा.

गच्चीवरच्या बॅकअप हीटरला तर डीपी आणखी जरुरीचा, आणि तिथे तो टाकीजवळच हवा. का, ते एका प्रसंगावरून सांगतो. काही वर्षांपूर्वी फुलेवाडीच्या एका घरात हीटरची कॉइल बदलायला गेलो होतो. माझ्याबरोबर काम करणारा पोरगा गच्चीवर, मी खाली डीबीजवळ. एमसीबी पाडली, त्याला वरून हाक दिली आणि गाडीतून कॉइल आणायला बाहेर गेलो. तेवढ्यात घरातल्या वहिनी स्वयंपाकघरातून आल्या. ‘अगं बाई, ही कशी काय पडली?’ म्हणून त्यांनी एमसीबी वर केली. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पडलेली एमसीबी उचलायची, हे आपल्या सगळ्यांच्या हाताला लागलेलं असतं. पोरग्याने अजून वायरींना हात लावला नव्हता, मोजायला टेस्टर लावला आणि तो पेटला. तो ओरडला, ‘मामा, लाईन हाय की ओ अजून!’ आधी मोजायची सवय होती म्हणून तो वाचला.

त्या दिवसापासून माझा नियम असा: ज्याचा हात वायरीला लागणार, लाइन तोडायची जागा त्याच्या नजरेसमोर हवी. तशी नसेल तर एमसीबीला कुलूप, किंवा एमसीबीच्या खालची वायर सोडवून तिच्यावर टेप, आणि डीबीच्या दारावर ‘काम चालू आहे’ अशी चिठ्ठी. तुमच्या घरात डीबी तळमजल्यावर, काम गच्चीवर. दोन मजल्यांचं अंतर. म्हणून गच्चीवर टाकीशेजारी पावसापाण्याच्या बंद डब्यात डीपी लावा. साध्या वायरी उघड्यावर सोडू नका. उन्हाने त्यांचं आवरण तडकतं आणि आपला पाऊस त्या भेगा शोधून काढतो.

मोजायची रीतही सांगतो, कारण नुसता टेस्टर पेटला नाही म्हणजे करंट नाही असं होत नाही. टेस्टरचा निऑन खराब असू शकतो, तुम्ही कोरड्या लाकडी स्टुलावर उभे असाल तर तो नीट पेटतही नाही. मी आधी मल्टिमीटर एखाद्या चालू सॉकेटवर लावून बघतो, 230 च्या आसपास दाखवतो ना. मग गिझरच्या टर्मिनलवर फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ अशा तिन्ही जोड्या मोजतो. आणि शेवटी पुन्हा त्या चालू सॉकेटवर मीटर लावतो, मधल्या वेळात मीटरच बिघडला नाही ना हे कळायला. दोन मिनिटं लागतात. काम करायला येणारा माणूस हे करत नसेल तर त्याला करायला सांगा, लाजू नका.

आता तिसरी चूक, आणि माझ्या मते सगळ्यात गंभीर. ‘एमसीबी हाय, अर्थिंग हाय, मग आरसीसीबी कशाला?’ हे वाक्य मी हजार वेळा ऐकलंय. त्याचं उत्तर गणितात आहे, आणि गणित सोपं आहे.

बहुतेक घरांना महावितरणची सर्व्हिस वायर फेज आणि न्यूट्रल अशी दोनच तारांची येते. अर्थ आपला आपण, अंगणात खड्डा घेऊन करायचा. समजा गिझरची कॉइल फुटली आणि फेज टाकीच्या पत्र्याला लागला. तो करंट अर्थच्या वायरने खड्ड्यात आणि जमिनीतून ट्रान्सफॉर्मरकडे परत जाणार. तुमच्या खड्ड्याचा रोध अगदी चांगला, 5 ओहम धरू. 230 भागिले 5 म्हणजे 46 अँपिअर. 16 अँपिअरची सी प्रकारची एमसीबी तडकाफडकी पडायला तिच्या आकड्याच्या पाच ते दहा पट, म्हणजे 80 ते 160 अँपिअर लागतात. 46 अँपिअरवर ती तापून पडेल, पण त्याला काही सेकंद लागतील, कदाचित अर्धा मिनिटही. तेवढा वेळ टाकी, नळ, शॉवर यांच्यावर जवळजवळ पूर्ण व्होल्टेज. आणि 5 ओहम कुणाच्या घरी असतात? आपली जमीन कुठे काळी, कुठे मुरूम, खाली बसाल्टचा कातळ. काळ्या मातीत पावसाळ्यात अर्थिंग छान मिळतं, मुरमात एप्रिल-मे महिन्यात खड्डा कोरडा पडला की आकडा चढतो. 20 ओहम धरा. 230 भागिले 20 म्हणजे साडेअकरा अँपिअर. 16 ची एमसीबी हे साडेअकरा अँपिअर दिवसभर वाहील. नुसत्या या गळतीवर ती कधीच पडणार नाही. मीटर फिरतोय, आणि टाकीवर करंट.

आरसीसीबी या आकड्यांच्या भानगडीतच पडत नाही. फेजने जेवढा करंट गेला तेवढाच न्यूट्रलने परत आला का, एवढंच ती बघते. 30 मिलिअँपिअरचा, म्हणजे एका अँपिअरच्या शंभरातल्या तीन भागांचा फरक पडला की ती दोन्ही वायरी तोडते. तुमच्या खड्ड्याचा रोध 500 ओहम इतका वाईट असला तरी 460 मिलिअँपिअर गळतील आणि ती क्षणात पडेल. म्हणून आपल्यासारख्या, स्वतःच्या खड्ड्यावर अवलंबून असलेल्या घरांत आरसीसीबीला पर्याय नाही असं मी ठामपणे म्हणतो.

‘मग अर्थिंगच कशाला?’ असंही कुणी विचारतं. अर्थिंग नसेल तर गळणाऱ्या करंटला जायला वाट नसते. तो टाकीवर वाट बघत बसतो, आणि पहिली वाट मिळते ती नळाला हात लावणाऱ्या माणसाच्या अंगातून. आरसीसीबी तेव्हाही पडेल, पण झटका बसल्यावर. अर्थिंग असेल तर कॉइल फुटल्याक्षणीच पडते, बाथरूममध्ये कुणी नसतानाच. पूर्वी लोखंडी पाइप असायचे, ते जमिनीत गेलेले असायचे, थोडीफार वाट तिथून मिळायची. आता सगळे पाइप प्लॅस्टिकचे. टाकीचा जमिनीशी संबंध फक्त त्या एका हिरव्या वायरीने.

म्हणून त्या हिरव्या वायरीबद्दल दोन गोष्टी जीव तोडून सांगतो. पहिली: अर्थिंग मिळत नाही म्हणून सॉकेटमध्ये अर्थच्या पिनेला न्यूट्रल जोडायचा, हा उद्योग कुणालाही करू देऊ नका. कसबा बावड्यात एका काकूंच्या घरी नळाला हात लावला की झिणझिण्या येत होत्या. आधी कुणीतरी गिझरच्या सॉकेटमध्ये असाच लूप टाकला होता. बरीच वर्षं काही झालं नाही. मग वाऱ्यापावसात सर्व्हिसचा न्यूट्रल सैल झाला आणि न्यूट्रलवर आलेला फेज त्या लूपमधून थेट टाकीच्या पत्र्यावर. काकू पायात रबरी स्लीपर घालून बाथरूममध्ये जायच्या, म्हणून झिणझिण्यांवर निभावलं. त्यांच्या घरात मी तो लूप काढला, नवा खड्डा घेतला, आणि घरी परत येताना मला गाडी नीट चालवता येत नव्हती, इतका मी हादरलो होतो.

दुसरी: फेज आणि अर्थमध्ये 100 वॅटचा बल्ब लावून ‘बघा, पेटला, अर्थिंग एकदम ओके’ असं कुणी दाखवलं तर समाधान मानू नका. 100 वॅटचा बल्ब अर्धा अँपिअरही घेत नाही. त्याचा स्वतःचा रोध पाचशे ओहमच्या वर. खड्डा 50 ओहम असला तरी बल्ब जवळजवळ तेवढाच उजेड देईल. डोळ्याला फरक कळणार नाही. अर्थ टेस्टर लावून, जमिनीत खिळे ठोकून, ओहममध्ये आकडा मागा, आणि तो उन्हाळ्यात मोजून घ्या.

आता आरसीसीबी लावल्यावर येणारी तक्रार: ‘सारखी पडतीया.’ कितीतरी घरांत या तक्रारीवर उपाय म्हणून ती बायपास केलेली असते. वास्तविक ती काहीतरी सांगत असते. नव्या घरात सगळ्यात जास्त वेळा कारण निघतं न्यूट्रलची सरमिसळ. आरसीसीबीतून गेलेल्या फेजचा न्यूट्रल त्याच आरसीसीबीतून परत यायला हवा. बोर्डात कुणी जवळचा म्हणून दुसऱ्या लाइनीचा न्यूट्रल उचलला, किंवा इन्व्हर्टरचा न्यूट्रल घराच्या न्यूट्रलला मारला, की हिशेब चुकतो आणि ती पडते. उपाय एकच, चिकाटीने तो न्यूट्रल शोधायचा. कटकट आहे, पण सापडतो.

दुसरं कारण तुमच्या बॅकअप हीटरला हमखास लागू पडेल. ऑक्टोबर ते मे सोलर चालतो, हीटर पडून राहतो. कॉइलच्या नळीत जी पांढरी पूड भरलेली असते ती टोकाच्या सीलमधून ओल धरते. जूनमध्ये पहिल्यांदा बटण दाबलं की आरसीसीबी पडते. तेव्हा ती आठ वेळा उचलून बघायची नाही. लाइन तोडायची, कॉइलच्या वायरी सोडवायच्या आणि 500 व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या मीटरने) कॉइल आणि पत्र्यामधला रोध बघायचा. 1 मेगाओहमच्या खाली असेल तर मी ती कॉइल परत जोडत नाही. आणि तुमच्याकडे बोअरचं पाणी असेल तर कॉइलवर पांढरा थर बसेल, त्याखाली ती जास्त तापून तडकेल. दोन वर्षांनी एकदा उघडून साफ करून घ्या.

2019 आणि 2021 च्या पुरात ज्यांच्या घरात पाणी शिरलं असे कुणी हे वाचत असाल तर तुमच्यासाठी एवढंच: पाण्याखाली गेलेली एमसीबी, आरसीसीबी, डीपी वाळवून परत वापरू नका. वरून कोरडी दिसते, आत गाळ आणि गंज असतो. त्या दोन वर्षांत मी बदललेल्या कितीतरी आरसीसीबींचं टेस्टचं बटण दाबलं तरी त्या हलत नव्हत्या.

तुमच्या घरासाठी मी काय करीन ते सांगतो. डीबीत गिझरला एक आणि बॅकअप हीटरला एक अशा दोन आरसीबीओ, प्रत्येकी 16 अँपिअर, 30 मिलिअँपिअर, दोन पोलच्या. आरसीबीओ म्हणजे एमसीबी आणि आरसीसीबी एकाच डब्यात. फायदा असा की गच्चीवरच्या हीटरने गळती केली तर फक्त तोच बंद पडतो, अख्खं घर अंधारात जात नाही आणि मग ती बायपास करायचा मोहही होत नाही. तुमच्या मेन लाइनवर आधीच 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवलेली असेल तर दोन पोलच्या साध्या एमसीबी चालतील, तेवढा खर्च वाचवा. तिथून दोन स्वतंत्र लाइनी, फेज-न्यूट्रल-अर्थ तिन्ही 2.5 एमएम. गिझरचा डीपी बाथरूमबाहेर, हीटरचा गच्चीवर. दोन्ही लोड इन्व्हर्टरवर अजिबात नकोत. काम परवाना असलेल्या वायरमनकडूनच करून घ्या आणि त्याच्याकडून मोजलेले आकडे कागदावर लिहून घ्या: अर्थिंग किती ओहम, मेगर किती, आरसीसीबी बटणावर पडली का. महावितरणकडे मंजूर असलेला तुमचा लोड किती आहे तेही एकदा बिलावर बघा; 4 किलोवॅटची भर पडतेय.

हा सगळा खर्च गिझरच्या किमतीच्या मानाने थोडा आहे. आणि भिंती रंगवायच्या आत केलात तर आणखी थोडा.

पहिल्या दिवशी गिझर चालू करताना आधी पाणी भरा. गरम पाण्याचा नळ उघडा ठेवा, त्यातून हवा जाऊन सलग धार आली की मगच डीपी दाबा. रिकाम्या टाकीत कॉइल काही मिनिटांत जळते. दुरुस्तीला टाकी रिकामी करतानाही आधी लाइन, मग पाणी. आरसीबीओचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबा. ती पडली पाहिजे. पडली नाही तर ती बदलेपर्यंत गिझर वापरू नका.

आणि आईंसाठी एक गोष्ट. आंघोळीला गेलेल्या माणसाचा आवाज बदलला, कुणी आत नळाला चिकटल्यासारखं वाटलं, तर पहिला हात त्या माणसाला नाही, डीपीला लावायचा. दाराबाहेर तो हवा म्हणून मी इतका आग्रह धरतोय तो यासाठीही. बसवून झाला की तो कुठे आहे ते घरातल्या प्रत्येकाला, आईंनाही, एकदा स्वतःच्या हाताने बंद-चालू करून बघायला लावा, आणि त्यावर मोठ्या अक्षरांत ‘गिझर’ असं लिहून ठेवा.